बेटकुळी फुगत नाही

घरातलं पोर दंडाला लोंबकळतं आणि म्हणतं, "बेटकुळी दाखव ना!" तुम्ही बाही वर सारता, मूठ आवळता, कोपर दुमडता. दंडावर गोळा उठतो. पोर त्यावर बोट दाबून बघतं. "केवढी फुगली!"

हात तसाच धरून ठेवा, खाली सोडू नका. आपल्याला जायचंय.

बेटकुळी म्हणजे इवलीशी बेडकी. रोमन लोकांना त्याच गोळ्यात उंदराचं पिल्लू दिसलं, त्यांच्या लॅटिन शब्दावरूनच 'मसल' आला. मला आपला बेडूकच जास्त पटतो, कारण आता तुम्ही जिथे उभे आहात तिथे टेबलावर बेडूकच आहे.

हॉलंड. 1660 नंतरची काही वर्षं. पंचविशीतला यान स्वामरडाम काचेच्या नळीवर वाकलाय. नळीत बेडकाच्या मांडीचा स्नायू आहे, त्याला जोडलेला मज्जातंतू अजून शाबूत आहे आणि त्याभोवती बारीक तार अडकवलेली आहे. नळीचं टोक निमुळतं होत गेलंय आणि त्या टोकात पाण्याचा एकच थेंब बसवलाय. तुम्ही श्वास रोखता, कारण तुमच्या श्वासानेही तो थेंब हलेल असं वाटतं.

या थेंबावर फार मोठी पैज लागलेली आहे. मज्जातंतू म्हणजे पोकळ नळ्या, मेंदूतलं सूक्ष्म चैतन्य त्यांतून वाहत येतं आणि स्नायूत शिरून त्याला फुगवतं, ही समजूत ग्रीक वैद्य गेलनच्या काळापासून मुरलेली आहे. 1662 साली लायडनमध्ये छापलेल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या पुस्तकातही स्नायू असाच भरून येतो. तसं असेल तर स्नायूचं आकारमान वाढेल, नळीतली हवा दाबली जाईल आणि थेंब वर सरकेल.

स्वामरडाम तार ओढतो. स्नायू आखडतो. ते तुम्हाला स्पष्ट दिसतं.

थेंब वर चढत नाही. उलट, झालाच तर किंचित खाली उतरतो.

म्हणजे बाहेरून आत काही आलंच नाही. जेवढा स्नायू आखूड झाला तेवढाच जाड झाला. एका थेंबाने दीड हजार वर्षांची समजूत खोडली, आणि हे कुणाला नीट कळलंही नाही. स्वामरडाम 1680 साली गेला. त्याचं हे लिखाण छापून आलं ते 1737-38 मध्ये, तो गेल्यावर अर्ध्या शतकाहून जास्त काळाने. मला याची हळहळ वाटते.

पण आत काहीच येत नसेल तर स्नायू आखडतो कशाने? त्यासाठी पावणेतीनशे वर्षं पुढे चला. वाटेत 1780च्या दशकातलं इटलीतलं बोलोन्या लागेल. तिथेही बेडकाचेच पाय विजेच्या ठिणगीसरशी झटके देताहेत आणि गॅल्व्हानी ते टिपून घेतोय. विजेचा इशारा मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोहोचतो, हे कळण्याची सुरुवात इथली. पण इशारा म्हणजे काम नव्हे. थांबू नका.

हंगेरी. तिसा नदीकाठचं सेगेद, 1941-42. बाहेर महायुद्ध पेटलंय. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना क जीवनसत्त्वावरच्या कामाचं नोबेल 1937 मध्येच मिळालंय. याच गावच्या लाल मिरचीतून त्यांनी ते जीवनसत्त्व भरपूर काढलं होतं. आता ते स्नायूमागे लागलेत. त्यांची सहकारी इलोना बांगा सशाचा स्नायू वाटून मिठाच्या द्रावणात घालते. एरवी थोड्याच वेळात गाळून घेतला की अर्क पातळ निघतो. एकदा तो रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी खळीसारखा दाट झालेला मिळाला. दुसऱ्या कुणी तो बिघडला म्हणून मोरीत ओतला असता. यांनी विचारलं, रात्रीतून यात आणखी काय उतरलं? उत्तर शोधलं ब्रुनो स्ट्राउबने. स्नायूतल्या मायोसिन या जुन्या ओळखीच्या प्रथिनाला एक जोडीदार होता, त्याचं नाव ॲक्टिन.

आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. तो दाट अर्क बारीक छिद्रातून पाण्यात सोडलाय, शेवयांसारखा त्याचा धागा झालाय. निर्जीव धागा. त्यावर उकळलेल्या स्नायूचा रस पडतो. त्या रसात एटीपी आहे, पेशींचं रोजचं इंधन.

धागा आखडतो. तुमच्या डोळ्यांदेखत, ना बेडूक, ना ससा, ना मज्जातंतू, नुसत्या दोन प्रथिनांचा धागा हालचाल करतो. आपल्या वैज्ञानिक आयुष्यातला हा सर्वांत रोमांचक क्षण होता, असं सेंट-ग्यॉर्गी यांनी पुढे सांगितलं. बांगाच्या त्या रात्रभर राहिलेल्या भांड्याचं नाव मात्र फार कमी लोक घेतात.

शेवटचा मुक्काम इंग्लंडमधलं केंब्रिज. अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के बेडकाच्या स्नायूचा एकच जिवंत तंतू बघताहेत. सूक्ष्मदर्शक हक्सलीने स्वतः बांधलेला. तंतूवर गडद-फिकट, गडद-फिकट पट्टे आहेत. तंतू आखडतो तेव्हा गडद पट्टा जेवढा होता तेवढाच राहतो, फिकट पट्टा अरुंद होतो. अटलांटिकपलीकडे ह्यू हक्सली (आडनाव तेच, नातं काही नाही) आणि जीन हॅन्सन सशाच्या स्नायूवरून तेच म्हणताहेत. 22 मे 1954च्या 'नेचर'च्या एकाच अंकात दोन्ही लेख येतात. मायोसिनचे जाड धागे आणि ॲक्टिनचे बारीक धागे एकमेकांत सरकतात. धाग्यांपैकी कुणीही आखूड होत नाही.

आता परत या, तुमच्या दंडात. पट्ट्यांचं एक घर साधारण अडीच मायक्रॉनचं, म्हणजे तंतूच्या एका सेंटिमीटरमध्ये अशी चार हजार घरं ओळीने उभी. प्रत्येक घर अर्धा मायक्रॉन मिटलं की सेंटिमीटरमागे दोन मिलिमीटर आखडतात. मायोसिनला असंख्य डोकी आहेत. प्रत्येक डोकं ॲक्टिनला पकडतं, ओढतं, सोडतं, पुन्हा पुढे पकडतं. सोडण्यासाठी त्याला एटीपी लागतं. मेल्यावर एटीपी संपतं, डोकी पकडलेलीच राहतात, म्हणून प्रेत ताठ होतं. आणि बेटकुळीच्या खाली ब्रॅकिॲलिस नावाचा स्नायू दडलाय, कोपर दुमडायचं मोठं काम तोच करतो. कौतुक मात्र वरच्याचं होतं.

तुमचा हात अजून दुमडलेलाच आहे. बाहेरून काहीच हलत नाही, पण आत ती डोकी पकडताहेत, सोडताहेत, पुन्हा पकडताहेत, इंधन जळतंय. दंड थरथरायला लागतो. पोराचं बोट अजून त्यावरच आहे. "सोडू नको हं," ते म्हणतं, "आत्ता कुठे घट्ट झालीये."