संगणक अभियंत्याची उमेदवारी

वकिली, वैद्यकी अथवा सुतारकाम यांत उमेदवारीचा काळ जसा अपरिहार्य मानला जातो, तसाच तो आता संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्याही वाट्याला आला आहे. शिक्षण चालू असताना ठरावीक काळ उद्योगात प्रत्यक्ष काम करणे म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण, अर्थात इंटर्नशिप. सॉफ्टवेअर उद्योगाच्या केंद्रांपासून दूर असलेल्या बुलडाणा जिल्ह्यात या प्रशिक्षणाचे महत्त्व आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत, दोन्ही अधिक आहेत.

पार्श्वभूमी

वर्गातील शिक्षणाला कारखान्यातील कामाची जोड देण्याचा प्रयोग अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये सुरू झाला. भारतात पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ हा उपक्रम हाती घेतला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये अभियांत्रिकी पदवीसाठी आदर्श अभ्यासक्रम तयार केला. त्यात इंटर्नशिपला श्रेयांकांसह स्थान मिळाले आणि हे प्रशिक्षण अभ्यासक्रमाचाच भाग बनले.

जिल्ह्यातील चित्र

शेगाव येथे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. त्यानंतर चिखली, मलकापूर व बुलडाणा येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. खामगाव आणि मलकापूरच्या औद्योगिक वसाहतींत मात्र भर आहे तो वस्तुनिर्मितीवर. त्यामुळे संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला नागपूरचे मिहान किंवा पुण्याचे हिंजवडी गाठावे लागते. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत. परंतु बुलडाणा, चिखली, मेहकर या भागांतील विद्यार्थ्याचा प्रवास एसटी अथवा ट्रॅव्हल्सनेच सुरू होतो.

प्रशिक्षण अनेकदा शेवटच्या सत्रात येते. विद्यावेतन मिळत नसेल तर खोलीभाडे, खाणावळ व प्रवास यांचा भार घरावर पडतो. कापसाच्या चुकाऱ्यावर आणि सोयाबीनच्या भावावर वर्षाचे गणित बसविणाऱ्या कुटुंबास सहा महिन्यांचा हा खर्च लहान नसतो. साहजिकच त्या काळात मुलाच्या वा मुलीच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कामाचे स्वरूप

महाविद्यालयातील प्रोग्राम विद्यार्थी स्वतः आरंभापासून लिहितो आणि परीक्षा संपताच तो बाजूला पडतो. कंपनीतील कोड इतरांनी लिहिलेला, अनेक वर्षे वाढत गेलेला आणि रोज वापरात असलेला असतो. म्हणूनच पहिले काही आठवडे तो वाचण्यात व समजून घेण्यात जातात. नंतर एखादा लहानसा दोष, म्हणजे बग, दुरुस्त करण्याचे काम दिले जाते. प्रत्येक बदलाची नोंद ‘गिट’सारख्या प्रणालीत ठेवावी लागते. तो बदल वरिष्ठ तपासतात, त्याचे टेस्टिंग होते आणि मगच तो स्वीकारला जातो. आपले काम परत आले तर त्यात कमीपणा नसून ती कामाची रीतच आहे, हे उमजणे हा प्रशिक्षणातील मोठा धडा होय. बैठकीत मोजक्या शब्दांत प्रगती सांगणे, अडल्यावर वेळीच विचारणे, ग्राहकाच्या माहितीची गोपनीयता राखणे, याही गोष्टी येथेच अंगवळणी पडतात.

जवळच्या संधी

संगणकाचे काम केवळ सॉफ्टवेअर कंपन्यांतच चालते असे नाही. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बन या पतसंस्थेच्या शाखांचे जाळे जिल्ह्याबाहेरही पसरले आहे. पतसंस्था, बाजार समित्या, रुग्णालये, नगरपालिका यांच्या दैनंदिन कारभारात डेटाबेस, नेटवर्क व माहितीची सुरक्षितता यांची गरज असते. अशा ठिकाणी महाविद्यालयामार्फत रीतसर परवानगी मिळविता आली, तर घरी राहून खऱ्या वापरकर्त्यांच्या अडचणींवर काम करता येते.

निवड करताना

शुल्क आकारून केवळ प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपासून सावध राहणे इष्ट. मार्गदर्शक कोण, काम कोणते, विद्यावेतन किती, कालावधी केवढा, ही माहिती लेखी स्वरूपात घ्यावी व महाविद्यालयाच्या प्रशिक्षण विभागाला दाखवावी. मागील वर्षी तेथे गेलेल्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करणेही उपयुक्त ठरते.

पदवीनंतरचा मार्ग

शिकत असताना संधी हुकली तरी मार्ग बंद होत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारकांचाही समावेश झाला. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत साधारण एक वर्ष काम करता येते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने पदवीधरास दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले.

प्रशिक्षणकाळात रोजनिशी ठेवणे हितावह असते. कोणती अडचण आली आणि ती कशी सोडविली, हे तारीखवार लिहून ठेवले की अहवाल सहज तयार होतो. पुढे नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न विचारले जातात, तेही बहुधा याच कामाबद्दल.