मजकूर-जोडणी (स्प्रेडशीटमधील)

स्प्रेडशीटच्या निरनिराळ्या सेलमधील मूल्ये आणि सूत्रात थेट लिहिलेला मजकूर एकापुढे एक ठेवून सलग मजकूर तयार करणे, म्हणजे मजकूर-जोडणी. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क या तिन्हींत त्यासाठी ‘&’ हे चिन्ह चालते. आडनाव ए२ मध्ये आणि नाव बी२ मध्ये असेल, तर =ए२&" "&बी२ या सूत्राने दोन्ही एकत्र येतात (प्रत्यक्षात सेलचे पत्ते व फंक्शनांची नावे रोमन लिपीत टाइप करावी लागतात). सूत्रातला मजकूर दुहेरी अवतरणांत लिहायचा असतो. दोन शब्दांमधली जागाही मजकूरच असल्याने तीही अवतरणांतच द्यावी लागते. बेरीज-वजाबाकी ‘&’च्या आधी होते, त्यामुळे ="एकूण रु. "&डी२+डी३ या सूत्रात आधी बेरीज होते व मग जोडणी.

हेच काम कॉन्कॅटिनेट हे जुने फंक्शन करते. एक्सेलमध्ये ते २५५ घटकांपर्यंत घेते, पण सेलचा पट्टा दिल्यास सगळा पट्टा जोडत नाही. ही उणीव एक्सेल २०१९ मधील कॉन्कॅट आणि टेक्स्टजॉइन या फंक्शनांनी भरून काढली. गूगल शीट्समध्ये कॉन्कॅट फक्त दोनच मूल्ये घेते, हे लक्षात ठेवलेले बरे. तिघांत टेक्स्टजॉइन सर्वांत कामाचे: त्याला विभाजक एकदाच सांगायचा आणि रिकामे सेल वगळायचे की नाही तेही सांगायचे. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव अशा तीन कॉलमांच्या यादीत एखाद्याचे मधले नाव नसले, तर ‘&’ मध्ये दोन जागा उरतात; टेक्स्टजॉइनमध्ये एकच राहते.

खरी अडचण संख्या आणि तारखा जोडताना येते. जोडणीत सेलचे मूल्य जाते, त्याचे दिसणे जात नाही. १५/०८/२०२४ असे दिसणारी तारीख एक्सेलच्या लेखी ४५५१९ हा अनुक्रमांक असतो, आणि "दिनांक "&सी२ लिहिल्यावर तोच आकडा उमटतो. तसेच १२% चे ०.१२ होते. त्यावर उपाय टेक्स्ट हे फंक्शन: ="दिनांक "&टेक्स्ट(सी२,"डीडी/एमएम/वायवायवायवाय"). रकमेसाठी "#,##०" हा साचा वापरतात. मात्र स्वल्पविराम १२,५०,००० असे पडतील की १,२५०,००० असे, ते विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून असते.

जोडणीतून मिळालेले फळ मजकूरच असते. ‘रु. ५००’ असे बनवलेले सेल सम या फंक्शनच्या बेरजेत धरले जात नाहीत. म्हणून मूळ रकमेचा कॉलम जपावा आणि जोडणी वेगळ्या कॉलमात करावी.

दोन कॉलम जोडून शोधासाठी खूण बनवतात तेव्हा विभाजक गाळणे धोक्याचे. इयत्ता १, हजेरी क्रमांक १२ आणि इयत्ता ११, हजेरी क्रमांक २ या दोन्हींची जोड ११२ अशीच होते, आणि एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतात. मध्ये ‘-’ ठेवले की १-१२ आणि ११-२ वेगळे राहतात.

सूत्राचे फळ पूर्ण सेलभर एकाच फॉन्टमध्ये दिसते. त्यातला एखादाच शब्द ठळक करता येत नाही. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले नाव आणि इंग्रजी पत्ता जोडल्यास दोहोंपैकी एक वाचता येत नाही, म्हणून अशा जुन्या याद्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात.

मराठीत आणखी एक अडचण शब्दाच्या सामान्यरूपाची. गावाच्या कॉलमात ‘पुणे’ असताना बी२&"ला" लिहिले, तर ‘पुणेला’ मिळते, ‘पुण्याला’ नाही. त्यामुळे शेकडो प्रमाणपत्रे किंवा पत्रे एकाच सूत्राने काढताना ‘गाव: पुणे’ अशी विभक्ती टाळणारी वाक्यरचना करावी, नाहीतर सामान्यरूपांचा वेगळा कॉलम ठेवावा.