पारवा व कबूतर

पारवा व कबूतर : कोलंबिडी पक्षिकुलातील कोलंबा लिव्हिया या जातीचा रानटी पक्षी म्हणजे पारवा. त्याच्यापासून माणसाने निपजविलेल्या पाळीव प्रकारांना सामान्यतः कबूतर म्हणतात. या सर्व प्रकारांचा पूर्वज एकच आहे, हे चार्ल्स डार्विन यांनी १८५९ व १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत साधार मांडले. कड्यांच्या कपारींत घरटी करणे हा पारव्याचा मूळ स्वभाव असल्याने मानवी बांधकामे त्याला सहज मानवली. भूम-परांडा भागासह मराठवाड्यातील जुन्या तटबंद्या, गढ्या व बारवा यांच्या कोनाड्यांत पारव्यांची वस्ती आढळते.

मादी बहुधा दोन पांढरी अंडी घालते. नर व मादी दोघेही ती आळीपाळीने उबवितात. सु. १८ दिवसांनी पिले बाहेर पडतात. प्रारंभी दोघेही आपल्या अन्नपुटात तयार होणारा दह्यासारखा पौष्टिक स्राव पिलांना भरवितात. दूरवरून आपल्या खुराड्याकडे परतण्याची ओढ मात्र इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरली.

अकबराच्या दरबारी कबुतरे उडविण्याच्या छंदास ‘इश्कबाजी’ असे नाव होते. ऐन-इ-अकबरीनुसार दरबारी कबुतरांची संख्या वीस हजारांहून अधिक असून त्यांपैकी पाचशे खास होती. जहांगीराने या छंदास उपयोगाची जोड दिली. १६१७ मध्ये त्याचा मुक्काम मांडू येथे होता, तर दख्खनच्या मोहिमेवरील शाहजादा खुर्रम बऱ्हाणपुरास होता. बगदादच्या खलीफांकडील पत्रवाहक कबुतरांविषयी ऐकून आपण कबुतरे शिकविण्यास सांगितले, असे जहांगीराच्या आत्मचरित्रात नमूद आहे. पहाटे मांडूहून सोडलेली कबुतरे पाऊस असता दीड ते अडीच प्रहरांत, आकाश निरभ्र असता बहुतेक एका प्रहरात व काही तर चार घटकांत बऱ्हाणपुरास पोहोचत, असे तो सांगतो.

ही नोंद अतिशयोक्त वाटण्याजोगी असली, तरी हिशेबास उतरते. मांडू ते बऱ्हाणपूर हे सरळ अंतर सु. १४० किमी. आहे. एक प्रहर तीन तासांचा धरल्यास वेग ताशी सु. ४७ किमी. व चार घटका म्हणजे ९६ मिनिटे धरल्यास ताशी सु. ८८ किमी. येतो. शर्यतीच्या कबुतरांना हे दोन्ही वेग शक्य आहेत. कबूतर आपल्या खुराड्याकडेच परतते. त्यामुळे या पक्ष्यांची खुराडी बऱ्हाणपुरास असून ते आधी मांडूला नेले जात असले पाहिजेत. हीच या टपालाची मर्यादाही होय : संदेश एकाच दिशेने जातो.

दिशा ओळखण्यासाठी कबूतर सूर्याचे स्थान, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र, गंध व परिचित भूखुणा यांचा उपयोग करते. यांपैकी कशाचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. त्याची वर्गीकरणक्षमताही लक्षणीय आहे. मोने व पिकासो यांची चित्रे कबुतरे वेगळी ओळखू शिकतात आणि पूर्वी न पाहिलेल्या चित्रांबाबतही तो भेद करतात, असे जपानमध्ये केलेल्या व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

भारतात ओडिशा पोलिसांनी १९४६ मध्ये कोरापुट येथे कबूतर-टपाल सुरू केले. १९८२ च्या पुरात व १९९९ च्या चक्रीवादळात इतर संपर्कसाधने तुटली असता या पक्ष्यांनी संदेश पोहोचविले. पुढे आधुनिक साधनांमुळे त्यांचा नियमित वापर थांबला.

टपालाचे काम सरले, तरी सहवास संपला नाही. मुंबईत धर्मभावनेने दाणे टाकण्यासाठी कबूतरखाने उभे राहिले. अन्न सतत मिळाल्याने पारव्यांची दाटी होते. त्यांची वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काही व्यक्तींना फुप्फुसांचा गंभीर विकार जडतो. या कारणास्तव मुंबई महानगरपालिकेने २०२५ साली दादरचा कबूतरखाना बंद केला, तेव्हा तीव्र वाद झाला. भूतदया व सार्वजनिक आरोग्य यांतील हा पेच पक्ष्याने निर्माण केलेला नाही. माणसाने पुरविलेल्या अन्नाचा व निवाऱ्याचा तो परिणाम आहे.