उंबरखिंडीचा षट्कोनी पट

१/
लोधिवलीहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोली गाठली आणि तेथून पालीचा रस्ता धरला, की उंबरखिंड फार दूर राहत नाही. फेब्रुवारी १६६१ च्या आरंभी येथे झालेले युद्ध षट्कोनी घरांच्या युद्धपटावर मांडले, तर त्या खेळाचे जवळजवळ सर्व नियम एका जागी समजतात.

२/
प्रथम पटाविषयी. चौकोनी घरांत तिरकी चाल सरळ चालीपेक्षा सुमारे १.४ पट लांब पडते. षट्कोनाची सहाही शेजारी घरे मात्र समान अंतरावर असतात. चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या अमेरिकन कंपनीने १९६१ मध्ये ‘गेटिसबर्ग’ या खेळाची षट्कोनी आवृत्ती काढली आणि पुढे हीच रीत रूढ झाली.

३/
नियम पहिला : भूमीचे मोल. सपाट घरात शिरण्यास चालीचा एक गुण लागत असेल, तर रानात दोन किंवा अधिक लागतात. कडा तर ओलांडताच येत नाही. शाहिस्तेखानाने कोकण जिंकण्यास धाडलेला कारतलबखान कुरवंडे घाटाने उतरला. उतरणे एकवेळ जमले. लवाजम्यासह पुन्हा चढणे दुरापास्त होते.

४/
नियम दुसरा : एका घरात ठरावीक सोंगट्याच मावतात आणि लढाईत शत्रूला लागून असलेल्यांचेच बळ धरले जाते. अरुंद खिंडीत मोगल फौजेची रांग लांबली. मागच्या सैनिकांचे बळ पुढच्यांच्या उपयोगी पडेना. दोन्ही अंगांच्या उंचवट्यांवर दबा धरलेल्या मराठ्यांना मात्र हवे तेथे बळ एकवटता येत होते. संख्या मोगलांची मोठी होती, परंतु प्रत्यक्ष भिडण्याच्या जागी ते प्रमाण उलटले.

५/
नियम तिसरा : नियंत्रणक्षेत्र. प्रत्येक सोंगटीचा वचक भोवतालच्या सहा घरांवर असतो. तेथे शिरणाऱ्या शत्रूला थांबावे लागते. अनेक खेळांत माघारीची वाट न उरलेली सोंगटी फाशाने माघार सुचवली तरी पटावरून उचलली जाते. खिंडीची पुढची व मागची तोंडे रोखली गेल्यावर कारतलबखानाची अवस्था अशीच झाली.

६/
तरीही पटाला एक मर्यादा आहे. खेळाडूला सारे रान वरून दिसते. कारतलबखानाला ते दिसत नव्हते. प्रशियाच्या राइसविट्झने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या ‘क्रीगश्पील’मध्ये म्हणूनच पंच असे. जे प्रत्यक्ष रणात दिसले असते, तेवढेच तो प्रत्येक पक्षाला सांगे. उंबरखिंड समजून घ्यायची तर असा पंच हवाच; दबा उघड दिसत असेल, तर तो दबाच नव्हे.

७/
कवींद्र परमानंदांच्या संस्कृत ‘शिवभारता’त या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आहे. मोगलांच्या बाजूने आलेल्या रायबागन या स्त्री सरदाराने कारतलबखानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. त्याने अभय मागितले. शिवरायांनी खंडणी घेऊन फौजेला परत जाऊ दिले.

८/
नवखा खेळाडू शत्रूच्या सोंगट्या मोजत बसतो आणि ‘विजयाच्या अटी’ हे प्रकरण शेवटी वाचतो. शिवरायांचे उद्दिष्ट मोगलांना कोकणातून मागे लोटण्याचे होते. ते साधल्यावर कोंडलेल्या फौजेची कत्तल करण्याचे कारण उरले नाही. नियमपुस्तिकेतील ते प्रकरण सर्वांत आधी वाचावे, ते यासाठीच.