अदृश्य जमाव आणि कायदा

जमाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चव्हाटा उभा राहतो, आरडाओरड ऐकू येते, हातांतील काठ्या व धोंडे दिसू लागतात. कायद्यानेही जमावाची व्याख्या केली ती याच चित्रावरून. परंतु इ. स. २०१४ च्या उत्तरार्धात अमेरिकेत एक असा जमाव उभा राहिला की, ज्यातील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते. आपापल्या घरी खुर्चीत बसूनच त्यांनी काही स्त्रियांना राहते घर सोडावयास लावले. या प्रकरणास 'गेमरगेट' असे नाव पडले. आज त्याला दशकाहून अधिक काळ लोटला असल्यामुळे, इतिहास म्हणून त्याकडे पाहण्यास हरकत नाही.

व्हिडिओ गेम रचण्याचा धंदा मूळचा पुरुषांचा आणि स्त्रिया त्यात मागाहून घुसल्या, असा एक समज या प्रकरणाच्या मुळाशी होता. तो वस्तुस्थितीला धरून नाही. घरगुती संगणकावर चित्रांसह गोष्ट सांगणारा 'मिस्टरी हाऊस' हा खेळ १९८० मध्ये रॉबर्टा विल्यम्स यांनी रचला. १९८१ मध्ये अटारी कंपनीने काढलेल्या 'सेंटिपीड' या खेळाच्या दोन रचनाकारांपैकी एक डोना बेली होत्या, आणि १९८२ चा 'रिव्हर रेड' हा कॅरोल शॉ यांच्या एकटीच्या बुद्धीचा आविष्कार होता. तात्पर्य, घरात पाहुणे म्हणून आलेल्यांना नव्हे, तर घर बांधणाऱ्यांतील भागीदारांनाच पुढे 'बाहेर चालत्या व्हा' असे सांगण्यात आले.

प्रकरणाची नांदी २०१२ मध्ये झाली. अनिता सार्कीसियन या समीक्षक विदुषींनी व्हिडिओ खेळांत स्त्रियांचे चित्रण कसे होते याविषयी व्याख्यानमाला करण्याचे योजिले आणि त्यासाठी लोकांकडे ६,००० डॉलर मागितले. लोकांनी १,५८,००० डॉलरांहून अधिक दिले. पण त्याच वेळी शिवीगाळ व धमक्या यांचा पूर लोटला. इतकेच नव्हे, तर त्यांच्या छायाचित्रावर ठोसे मारून चेहरा विद्रूप करण्याचा एक खेळही कोणी तयार केला. व्याख्यानमालेतील पहिले व्याख्यान अद्याप प्रसिद्धही व्हावयाचे होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. जे ऐकलेच नाही त्याचे खंडन होत नसते. तोंड बंद करण्याचा प्रयत्न तेवढा होऊ शकतो.

मुख्य अंकास ऑगस्ट २०१४ मध्ये आरंभ झाला. झोई क्विन यांनी 'डिप्रेशन क्वेस्ट' नावाचा, मानसिक खिन्नतेने ग्रासलेल्या मनुष्याचे जीवन दाखविणारा खेळ आदल्या वर्षी प्रसिद्ध केला होता. त्यांच्या एका पूर्वीच्या मित्राने उभयतांच्या खाजगी संबंधांविषयी एक लांबलचक मजकूर इंटरनेटवर टाकला. त्यावरून लोकांनी असा तर्क बांधला की, एका पत्रकाराशी असलेल्या स्नेहामुळे या खेळाला अनुकूल परीक्षण मिळाले. वस्तुतः त्या पत्रकाराने या खेळाचे परीक्षण कधी लिहिलेच नव्हते. पण आरोपाचा पाया नाही हे सिद्ध होईपर्यंत जमाव थांबत नसतो. क्विन यांचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक चव्हाट्यावर मांडले गेले, जिवाच्या धमक्या आल्या, आणि त्यांना घर सोडावे लागले. ऑगस्टच्या २७ तारखेस ॲडम बाल्डविन या नटाने ट्विटरवर 'गेमरगेट' हा शब्द योजला आणि विस्कळीत जमावाला निशाण मिळाले.

'आमचा लढा पत्रकारितेतील नीतिमत्तेसाठी आहे,' असे या निशाणाखालील लोक म्हणत. त्यांत प्रामाणिक शंका घेणारे काही असतील, हे आम्ही नाकारीत नाही. खेळांचे परीक्षक व कंपन्या यांचे लागेबांधे हा रास्त चर्चेचा विषय आहे. तथापि कोणताही दावा पारखण्याची वकिली कसोटी सोपी आहे : वादी काय बोलतो यापेक्षा तो प्रतिवादी कोणाला करतो ते पाहावे. दावा पत्रकारांविरुद्ध असता, तर पहिले तडाखे खेळ रचणाऱ्या व्यक्तीवर का पडावेत? आणि ज्यांचा त्या परीक्षणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्या इतर स्त्रियांवर का पडावेत?

कारण ऑक्टोबरात तेच घडले. बोस्टनजवळ राहणाऱ्या ब्रियाना वू यांची स्वतःची खेळ बनविणारी छोटी कंपनी होती. त्यांनी या जमावाची थट्टा केली; १० ऑक्टोबरला त्यांच्या घराचा पत्ता प्रसिद्ध झाला, ठार मारण्याच्या धमक्या आल्या, आणि पतीसह त्यांना घराबाहेर पडावे लागले. त्याच आठवड्यात यूटा राज्यातील लोगन येथील विद्यापीठात सार्कीसियन यांचे व्याख्यान ठरले होते. १९८९ मध्ये माँट्रियल येथे १४ स्त्रियांची हत्या झाली होती. तिचा दाखला देऊन, व्याख्यान झाल्यास तसाच संहार करू, असे निनावी पत्र विद्यापीठास आले. सभागृहात शस्त्रे येऊ देऊ नयेत, एवढीच त्यांची विनंती होती. परंतु परवानाधारकास शस्त्रासह येण्यापासून रोखण्याची मुभा त्या राज्याचा कायदा विद्यापीठास देत नव्हता. व्याख्यान रद्द झाले. शस्त्र बाळगणाऱ्याचा हक्क अबाधित राहिला. बोलणारीचा हक्क पुस्तकात राहिला.

पुढे न्यायाचे काय झाले? अमेरिकेच्या एफ. बी. आय. या केंद्रीय तपास संस्थेने चौकशी केली. २०१७ च्या जानेवारीत तिचे कागद प्रसिद्ध झाले, तेव्हा काही संशयितांचा माग लागला होता असे दिसून आले. तथापि कोणावरही खटला न भरता ते दप्तर बंद करण्यात आले होते. मॅसॅच्युसेट्सच्या लोकप्रतिनिधी कॅथरीन क्लार्क यांनी हा प्रश्न काँग्रेसमध्ये धसास लावण्याचा यत्न केला. पोलिसांना खोटी वर्दी देऊन दुसऱ्याच्या दारी सशस्त्र पथक पाठविण्याच्या दुष्ट प्रकाराविरुद्ध त्यांनी २०१५ मध्ये विधेयक मांडले. २०१६ च्या आरंभी त्यांच्याच घरावर तशी खोटी वर्दी देण्यात आली.

कायदा इतका लंगडा का पडला, याचे कारण शोधले पाहिजे. धमकीचा गुन्हा शाबीत करण्यास आरोपीची मनोवृत्ती सिद्ध करावी लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या इलोनिस खटल्यात, ऐकणाऱ्यास भीती वाटली एवढ्यावर शिक्षा देता येत नाही, असे ठरविले. आणि २०२३ च्या काउंटरमन खटल्यात, निदान परिणामांची बेफिकिरी तरी सिद्ध झाली पाहिजे, असा दंडक घातला. वाणीच्या स्वातंत्र्यास जपणारा हा विचार आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. पण अडचण अशी की, कायदा एकेका आरोपीचा एकेक खडा मोजतो. दहा हजार लोकांनी प्रत्येकी एकच खडा मारला तर कोणताही खडा प्राणघातक ठरत नाही. ज्याला ते लागतात तो मात्र चिरडला जातो.

आपल्याकडील स्थिती निराळी आहे काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ प्रमाणे पाच वा अधिक माणसांचा जमाव बेकायदेशीर ठरू शकतो, आणि कलम १९० प्रमाणे समान उद्देशाने घडलेल्या गुन्ह्याचा दोष प्रत्येक घटकास लागतो. खड्यांची बेरीज करण्याचे सूत्र आपल्याजवळ शतकाहून अधिक काळ आहे. मात्र ते एका जागी जमलेल्यांना डोळ्यांपुढे ठेवून रचलेले आहे. स्त्रीचा पाठलाग व इंटरनेटवरील पाळत यांसाठी कलम ७८ आणि निनावी धमकीसाठी कलम ३५१ आहे. पण तीही एकेकट्या आरोपीचाच विचार करतात.

मग व्यापक शब्दांचा कडक कायदा करावा काय? त्याचा अनुभव आपण घेतला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ असेच सैल शब्दांचे होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका साध्या मताबद्दल त्याच्या आधारे अटक झाली ती दोन तरुण मुलींनाच! सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, ते कलम रद्द केले. जमावाला आवरण्यासाठी उगारलेली काठी जमावानेच हिसकावून घेतली, असा तो धडा होय.

यास्तव आमच्या मते उपाय नेमका हवा. घाबरविण्याच्या हेतूने पत्ता प्रसिद्ध करणे व पोलिसांना खोटी वर्दी देणे, ही कृत्ये स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरावीत. ज्या कंपन्यांच्या अंगणात जमाव गोळा होतो, त्यांच्यावर तक्रार होताच दखल घेण्याचे बंधन असावे. आणि पोलीस ठाण्याने शंभर धमक्यांच्या शंभर किरकोळ नोंदी न करता, त्या सर्वांची एक तक्रार म्हणून चौकशी करावी.

हा धंदा आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. पुण्यात २००८ पासून युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची शाखा आहे, आणि असली कामे शिकणाऱ्या मुली आपल्या घरांतूनही निघत आहेत. उद्या त्यांपैकी एखादी असा छळ सोसून घरी आली, तर 'तो फोन बंद कर, म्हणजे झाले' असे तिला सांगण्याचा मोह वडीलधाऱ्यांना होईल. ज्या यंत्रावर तिची निंदा चालते, त्याच यंत्रावर तिची उपजीविका चालते. ते बंद कर म्हणणे म्हणजे नोकरी सोड म्हणणे होय, आणि जमावाची मागणीही तेवढीच होती.