तलवारीची साक्ष



खंडेनवमीला अद्यापि कित्येक घरांतून एखादी जुनी तलवार पाटावर मांडली जाते. मुलें विचारतात, "ही कोणाची?" आजोबा एखाद्या पराक्रमी पूर्वजाचें नांव सांगतात. तें खरेंहि असेल. परंतु खुद्द तलवार काय सांगते, तें कसें ऐकावयाचें, हा आजचा विषय आहे.

संग्राहकानें प्रथम ध्यानांत ठेवावें, कीं तलवारीला दोन वयें असतात. एक पात्याचें, दुसरें मुठीचें. आपल्याकडे पात्याचा मागील निमुळता भाग मुठीच्या पोकळींत घालून लाखेनें किंवा राळेनें पक्का करीत. मूठ तापविली कीं तो सुटे. त्यामुळें आजाच्या पात्यावर नातवानें नवी मूठ चढविणें सहज शक्य होतें. मुठीवरील नक्षी पाहून पात्याचा काळ ठरविणें म्हणजे पागोट्यावरून माणसाचें वय सांगणें होय!

दुसरी गोष्ट पात्याच्या जन्मस्थानाची. मराठे ज्या सरळ, लांब तलवारीस फिरंग म्हणत, तिचें पातें बहुधा युरोपांतून येई व मूठ इकडे बसविली जाई. अशा पात्यांवर ठसे असतात. पण त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. धावता लांडगा हें मुळांत पासाऊ शहराचें चिन्ह. सोलिंगेनच्या कारागिरांनीं तेंहि उचललें. 'आंद्रेआ फेरारा' हें इटलींतील नामांकित कारागिराचें नांव तर इतक्या पात्यांवर आढळतें, कीं तीं सारीं एका माणसाच्या हातून होणें अशक्य. आपले लोहारहि परदेशी ठशांची नक्कल करण्यांत मागें नव्हते. ठसा हा साक्षीदार खरा. पण त्याची उलटतपासणी केलीच पाहिजे.

याचें ताजें उदाहरण घ्या. एप्रिल २०२५ मध्यें लंडन येथील सदबी या पेढीनें एक फिरंग लिलावास काढली. पातें युरोपीय, सरळ व एकधारी. मुठीवर सोन्याचें कोफ्तगरी काम. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरींत लेख: 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहिब सुभा फिरंग'. महाराष्ट्र सरकारनें ती सुमारें ४७ लक्ष रुपयांस घेतली व ऑगस्टांत ती मुंबईस आली.

नागपूरकर भोसल्यांचें राज्य उभारणारे पहिले रघूजी यांची ही तलवार मानितात. यांनींच बंगालवर स्वाऱ्या करून १७५१ च्या तहानें अलीवर्दीखानाकडून सालीना १२ लक्ष रुपये चौथाई कबूल करविली. १७५५ मध्यें ते वारले. पण त्यांचे नातू दुसरे रघूजी यांनींहि तेंच नांव व तोच किताब धारण केला होता, आणि लेखांत सन नाहीं! म्हणून केवळ लेखावर न थांबतां घडणीचाहि विचार करावा लागतो. पुढें १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांच्या हातीं गेली असावी, असें म्हणतात. हा तर्क सयुक्तिक आहे. तथापि तर्क म्हणजे दाखला नव्हे. त्या वेळीं म्यानाला चार ओळींची चिठ्ठी कोणी बांधली असती, तर दोनशें वर्षांचें मौन आज आपल्या वांट्यास आलें नसतें.

ती चिठ्ठी आपल्या घरच्या तलवारीला आपण बांधूं शकतों. ती कोणाकडून आली, कोणत्या गांवीं होती, घरांत काय ऐकिवांत आहे, हें सारें लिहून ठेवा. ऐकिवाला ऐकीवच म्हणा. आणि तिला चकाकी आणण्याच्या भरीस पडून विटकरीची भुकटी किंवा तेजाब लावूं नका. पोलादावरील जौहराच्या लाटा, पुसट ठसे, झिजलेलीं अक्षरें हीच तिची वाणी. गंजानें जें शतकांत झालें नाहीं, तें आपल्या हौसेनें एका दुपारीं होतें. मग पुढील खंडेनवमीला नातवंडें पुन्हां विचारतील, "ही कोणाची?" आणि पाटावर उरेल तें निव्वळ लोखंड.