‘हेमाडपंती’ या उत्तराविषयीं

परभणी जिल्ह्यांत, जिंतूर तालुक्यांतील चारठाणा येथें जुन्या देवळांपुढें उभें राहून ‘हीं कोणीं बांधलीं?’ असें विचारावें, तर उत्तर तयार असतें: हेमाडपंतानें. गंगाखेड तालुक्यांत धारासूरच्या गुप्तेश्वराविषयींहि तेंच. आम्हीहि लहानपणीं तेंच म्हणत आलों.

हेमाद्रि पंडित हा कांहीं कल्पित पुरुष नव्हे. देवगिरीच्या महादेव यादवाचा व मागून रामचंद्राचा तो श्रीकरणाधिप. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा प्रचंड ग्रंथ. महादेव इ. स. १२६१ च्या सुमारास गादीवर आला. तेव्हां पंडिताचा अधिकारकाल तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पडतो. मोडी लिपि त्यानेंच लंकेहून आणली, अशीहि कथा आहे. मोठ्या माणसाच्या खात्यावर लोक बरेंच कांहीं जमा करतात!

या उत्तराची परीक्षा करणारा पुरावा मात्र परभणीपासून दूर, ठाणें जिल्ह्यांत अंबरनाथास आहे. तेथील देऊळहि लोकांच्या बोलण्यांत हेमाडपंतीच. परंतु त्यांत शिलाहार माम्वाणि राजाच्या काळचा शिलालेख सांपडला. आरंभीं डॉ. भाऊ दाजी यांनीं त्याचा शक ७८२ वाचला; पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, ठरविला. आम्हांस यांतच खरी मौज वाटते. दोन वाचनांत दोनशें वर्षांचें अंतर. पण कोणतेंहि घेतलें तरी हेमाद्रीचा जन्म पुष्कळ पुढें आहे. देवळाचें वय सांगण्यास जें वाचन चुकीचें ठरलें, तें लोकसमजुतीचें खंडन करण्यास पहिल्या दिवसापासून पुरेसें होतें.

पण खंडन झालें तें किती? ‘अशीं सर्व देवळें हेमाडपंतानें बांधलीं’ यांतील ‘सर्व’ हा शब्द तेवढा गेला. त्यानें एकहि देऊळ बांधलें नाहीं, असें अंबरनाथ सांगत नाहीं. आणि चारठाण्याचीं देवळें कोणाचीं, हेंहि सांगत नाहीं. कांहीं उत्साही मंडळी येथेंच घसरतात. जुनें नांव पुसून लगेच आपल्या आवडत्या राजाचें नांव घालतात. त्याला निराळा पुरावा लागतो.

चुन्यावांचून घडीव दगड एकांत एक बसविण्याच्या पद्धतीस हेमाडपंती हें नांव खुशाल राहो. कर्त्याचें नांव म्हणून तें दिलें, कीं शोध थांबतो. आणि वाटेवर पालथ्या पडलेल्या शिळेवर अक्षरें आहेत काय, हें उलटून पाहण्याचें कोणास सुचत नाहीं. अशा शिळा गांवोगांवीं पायऱ्यांना आणि धुण्याला लागल्या आहेत.